ग्रीन टीने खरंच वजन उतरतं का? की दुधाचा चहा कमी केला तरी पुरे?

अबोली_३६ :
नमस्कार मंडळी. वय ३६, उंची ५ फूट २ इंच, वजन ७४ किलो. दुसऱ्या बाळंतपणात जे वाढलं ते उतरायचं नाव घेत नाहीये. ऑफिसातल्या एका मैत्रिणीने दोन महिन्यांत ५ किलो कमी केलं आणि ती म्हणते सगळी ग्रीन टीची कमाल, म्हणून मीपण २५ पिशव्यांचा बॉक्स आणला, चार दिवस झाले पितेय पण खरं सांगते, गवत उकळून प्यायल्यासारखं लागतं.

माझा रोजचा चहा असा: सकाळी साडेसहाला उठल्या उठल्या थायरॉईडची गोळी आणि लगेच सासूबाईंबरोबर पहिला कप, डबे भरून झाले की साडेआठला दुसरा, ऑफिसात अकराला आणि चारला, आणि घरी आल्यावर सातला एक. घरी म्हशीचं दूध येतं, साखर कपाला दोन चमचे. सासूबाई म्हणतात साखर बंद कर, गूळ घाल, गुळाने वजन वाढत नाही. जेवण माझं फार नाही हो, दुपारी दोन पोळ्या भाजी, रात्रीचा भात तर बंदच केलाय. तर ग्रीन टी चालू ठेवू, गुळाचा चहा करू, की चहा पारच सोडू? सोडायचं जमेल असं वाटत नाही, अकराचा चहा चुकला की डोकं ठणकायला लागतं.

रानमेवा :
ताई, ग्रीन टी आवडत नसेल तर गवती चहा घ्या ना. आमच्या अंगणात बुंधाच आहे, चार पाती, आल्याचा तुकडा, पाण्याला चांगली उकळी आली की झाकून ठेवायचं आणि वरून लिंबू पिळायचं. मी संध्याकाळचा दुधाचा चहा बंद करून हे सुरू केलं, वर्षभरात ६ किलो उतरलं. सोबत रोज पाऊण तास चालतो हेपण सांगायला हवं. मध मात्र मी घालत नाही, तीही साखरच.

पोळीभाजी :
मी आहारतज्ज्ञ आहे, रोज हाच प्रश्न येतो, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी ग्रीन टी. हिरवा काय आणि आपला नेहमीचा काळा काय, दोन्ही एकाच झुडपाची पानं, फक्त हिरव्यात ती काळी पडू देत नाहीत म्हणून कॅटेचिन नावाचे घटक जास्त टिकतात. ते आणि कॅफीन मिळून शरीराचं ज्वलन किंचित वाढवतात हे खरं आहे, पण ते किंचितच. २०१२ मध्ये कोक्रेन या वैद्यकीय संशोधनांचा आढावा घेणाऱ्या संस्थेने वजन जास्त असलेल्या लोकांवरचे ग्रीन टीचे प्रयोग एकत्र करून तपासले, त्यात वजनातला फरक इतका थोडा निघाला की उपचार म्हणून त्याला काही अर्थ नाही. तुमच्या मैत्रिणीचं वजन खरंच उतरलं असेल, पण ती ग्रीन टी कशाच्या जागी पिते ते तिला विचारा. बहुतेक वेळा आधीचा दूधसाखरेचा चहा आणि त्यासोबतची खारी गेलेली असते, खरं काम तिथे होतं.

आता तुमचा कप. १०० मिली म्हशीच्या दुधात १०० च्या वर कॅलरी असतात. कपात ७५ मिली दूध धरलं तर साधारण ८०, दोन चमचे साखर म्हणजे १० ग्रॅम, त्याच्या ४०. एक कप १२०, पाच कप ६००. हे तुमच्या पाच-सहा पोळ्यांएवढं झालं! तुम्ही रात्रीचा भात सोडलात, पण त्याहून जास्त दिवसभरात कपातून जातंय आणि त्याने पोटही भरत नाही. वर चमचा सपाट भरलाय असं मी धरलंय. माझ्या आईच्या साखरेच्या डब्यातला चमचा मी एकदा काट्यावर तोलला होता, शिगोशीग भरून ९ ग्रॅम भरला. आई म्हणायची मी एकच चमचा घेते, आणि ती अगदी खरंच बोलत होती.

गुळाचं म्हणाल तर १०० ग्रॅम साखरेत ४०० कॅलरी आणि गुळात ३८० च्या आसपास. वजनासाठी काहीच फरक नाही. सासूबाईंना दुखवू नका, पण गूळ म्हणून जास्त घालू नका.

मी काय करीन ते सांगते. पाचचे तीन कप. दूध म्हशीचंच ठेवायचं असेल तर तापवून थंड झाल्यावर साय काढून घ्या, नाहीतर चहापुरतं टोन्ड आणा. कपाला ५० मिली दूध, अर्धा चमचा साखर, आलं-वेलची सढळ हाताने म्हणजे फिका वाटत नाही. असे तीन कप १२० कॅलरीत बसतात. रोजच्या ४८० वाचल्या तर कागदावर महिन्याला पावणेदोन किलोच्या वर जातं, प्रत्यक्षात तेवढं उतरत नाही कारण भूक वाढते आणि शरीरही सावरून घेतं, पण सुरुवात म्हणून हे फार चांगलं आहे. चहा एकदम तोडू नका, ते डोकं ठणकणं कॅफीन अचानक थांबल्याचं असतं. आठवड्याला एक कप कमी करा.

आणि जेवणाला लागून चहा नको. चहातल्या टॅनिनमुळे जेवणातलं लोह अंगी लागत नाही, आयसीएमआर या सरकारी वैद्यकीय संशोधन संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांतही जेवणाआधी आणि नंतर किमान एक तास चहा-कॉफी नको असंच आहे. आपल्याकडे बायकांना हिमोग्लोबिनची तक्रार असतेच, त्यामुळे हे मी वजनाइतकंच महत्त्वाचं मानते.

सांजवेळ :
पोळीभाजीताईंनी छान लिहिलंय. मला एक कळकळीने सांगायचंय, कुणी 'स्लिमिंग टी' किंवा 'डिटॉक्स चहा' देऊ केला तर घेऊ नका. मी घेतला होता, ओळखीतूनच मिळाला, रात्री झोपताना एक पुडी. पंधरा दिवसांत ३ किलो कमी, मी हरखून गेले. पण रोज पहाटे पोटात मुरडा येऊन तीन-तीन वेळा जावं लागायचं, लोकलमध्ये उभं राहवत नव्हतं, पायात गोळे यायचे. बहिणीने पाकीट उलटं करून बारीक अक्षरं वाचली तर त्यात सोनामुखी. म्हणजे मी जुलाबाचं औषध पीत होते आणि काट्यावर जे कमी दिसत होतं ते अंगातलं पाणी होतं. बंद केल्यावर आठवड्यात ३ च्या ३ किलो परत आले आणि पोट ताळ्यावर यायला पुढे दोन महिने गेले.

औषधी_डबा :
सगळे चहात गुंतलेत पण अबोलीताई, तुमच्या पहिल्याच ओळींत एक गोष्ट आहे ती कुणी बघितली नाही. थायरॉईडची गोळी आणि लगेच दुधाचा चहा. मी २० वर्षं मेडिकल स्टोअर चालवतोय, काउंटरवर रोज हे समजावतो. ती गोळी अनशापोटी, नुसत्या पाण्याबरोबर घ्यायची, आणि नंतर किमान अर्धा तास, तासभर थांबलात तर उत्तमच, चहा कॉफी दूध काही नाही. दुधातलं कॅल्शियम त्या गोळीला अंगात शिरू देत नाही, चहा-कॉफीनेही शोषण कमी होतं. कॅल्शियम किंवा लोहाच्या गोळ्या चालू असतील तर त्या ४ तासांच्या अंतराने. थायरॉईड नीट ताब्यात नसेल तर वजन उतरायला जड जातं, थकवा येतो, अंगावर सूज राहते. शेवटची टीएसएच तपासणी (थायरॉईड कमी पडलं की रक्तात हे वाढतं) कधी केली होती? डोस स्वतःहून वाढवू-कमी करू नका, डॉक्टरांना वेळ बदलल्याचं सांगा आणि ६ ते ८ आठवड्यांनी परत तपासून घ्या.

आणि ग्रीन टीच्या अर्काच्या गोळ्या कॅप्सूल कुणी सुचवल्या तर नको म्हणा. कपातून प्यायलेला चहा वेगळा आणि अर्क वेगळा, जास्त मात्रेत त्याचा यकृताला त्रास होऊ शकतो.

आधण :
माझं चहाचं दुकान आहे, आईवडिलांपासूनचं, त्यामुळे बाहेरच्या चहाबद्दल लिहितो. आमच्याकडे साखर पहिल्या आधणातच पडते, दूध नंतर. त्यामुळे गिऱ्हाईक 'साखर कमी' म्हणालं तरी पातेल्यातला चहा कमी गोड करता येत नाही. बिनसाखरेचा हवा असेल तर आधी सांगा आणि दोन मिनिटं थांबा, वेगळा टाकून देतो, कुणीही देईल. गुळाच्या चहात गूळ उकळत्या दुधात टाकला की दूध फाटायची भीती, म्हणून तो शेवटी जातो, आणि साखरेइतका गोड लागत नाही म्हणून हात सैल सुटतो. आमच्या गुळाच्या चहात साखरेच्या चहापेक्षा गोड वजनाने जास्तच पडतं, हे मी दुकानदार असून सांगतो.

अबोली_३६ :
सगळ्यांचे मनापासून आभार. औषधी_डबा दादा, टीएसएच दीड वर्षापूर्वी केली होती. काल संध्याकाळी रक्त देऊन आले, आज रिपोर्ट आला, वाढलेलीच आहे. शनिवारची डॉक्टरांची वेळ घेतलीये. चार वर्षं मी ती गोळी चहाच्या घोटाबरोबर घेत होते, कुणी विचारलंही नव्हतं.

आता गोळी साडेपाचला, उशाशी पाण्याचा तांब्या ठेवते, आणि चहा साडेसहाला पूर्वीसारखाच सासूबाईंबरोबर. तो कप मी सोडणार नाही, दिवसभरात आम्ही दोघी तेवढ्याच बसतो. घरातला साखरेचा चमचा तोलला, ८ ग्रॅम! सासूबाई स्वतः लोणच्याच्या बरणीतला छोटा चमचा घासून डब्यात टाकून गेल्या. ग्रीन टीचा बॉक्स मैत्रिणीला देऊन टाकला. रानमेवा, गवती चहाचं रोप कुंडीत लागतं का? बाल्कनीत ऊन दुपारनंतरच येतं.

रानमेवा :
लागतं की. मोठी कुंडी घ्या, बुडाला पाणी साठू देऊ नका. दोन ठोंब मुळासकट लावा, दुपारचं ऊन चालतं त्याला.