खेड मतदारसंघ गेला, आता रत्नागिरीत पाचाचे चार होणार का?

भरणे_नाका

मूळ गाव खेड तालुक्यात, भरणे नाक्यावरून आत. राहायला ठाण्याजवळच्या दिव्यात, पण मतदार यादीत नाव गावचंच. आई-वडील तिकडेच असतात.

यंदा गणपतीत वाडीच्या बैठकीत विषय निघाला की 2027 ची जनगणना झाली की मतदारसंघ पुन्हा पाडणार आणि आपल्या जिल्ह्याचे पाच आमदारांचे चार होणार. कोणी म्हणालं अफवा आहे, कोणी म्हणालं मुंबईवाल्यांचा डाव आहे. बैठक तिथेच आरतीला उठली.

माझ्या लहानपणी खेडला स्वतःचा आमदार होता. 2009 पासून तालुक्याची काही गावं दापोली मतदारसंघात, काही गुहागरात. खासदार तर रायगडचा! कलेक्टर रत्नागिरीला, खासदाराचं काम असेल तर तोंड अलिबागकडे. खेडचे आमदार रामदास कदम तेव्हा विधानसभेत विरोधी पक्षनेते होते, त्यांचाही मतदारसंघ वाचला नाही. गुहागरातून उभे राहिले आणि भास्कर जाधवांकडून पडले. म्हणजे वजन असून उपयोग नाही, मग ठरवतं कोण?

आणि मुख्य प्रश्न असा: आमच्या वाडीच्या यादीत नावं चिक्कार आहेत. निवडणुकीला मुंबईहून गाड्या भरून माणसं येतात. मग आमची लोकसंख्या कमी कशी? यादी बघत नाहीत का? जनगणना गणपतीत घेतली तर चित्र उलटं दिसेल, हे नक्की.

परळ_नाका

मुंबईवाल्यांचा डाव म्हणणाऱ्यांना सांगा, मुंबई शहर जिल्ह्यात आधी 17 आमदार होते, आता 10 आहेत. खेतवाडी, उमरखाडी, नागपाडा, माझगाव, ऑपेरा हाऊस, नायगाव, आमचा परळ, सगळे मतदारसंघ नकाशावरून पुसले गेले. गिरण्या गेल्या, माणसं गेली, मग आमदार गेले. तुमचे खेड आणि संगमेश्वर हे दोन गेले म्हणून रडताय, आमचे सात गेले.

जुना_कारकून

निवृत्त महसूल कर्मचारी. मतदारसंघांची मागची पुनर्रचना (2008 ची) झाली तेव्हा कोकणातल्याच एका तहसील कार्यालयात निवडणूक शाखेत होतो, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

भरणे नाका, तुमच्या मुख्य प्रश्नाचं उत्तर एका तक्त्यात आहे. तेव्हा आमच्याकडून गावनिहाय माहिती मागवली होती. गावाचं नाव, तलाठी सजा, महसूल मंडळ, 2001 च्या जनगणनेची एकूण लोकसंख्या, त्यात अनुसूचित जाती किती, जमाती किती. मतदारांचा रकानाच नव्हता. शाखेतल्या एका नवीन पोराने विचारलंही, साहेब मतदार कुठे लिहू? कुठेच नाही. मतदारसंघ माणसांवर पाडतात, मतदारांवर नाही. तान्हं पोर धरतात आणि दिव्यात राहून गावच्या यादीत नाव ठेवणारा धरत नाहीत.

जनगणनेची माणसं मोजण्याची फेरी फेब्रुवारीत असते. 2001 ला आणि 2011 ला 9 ते 28 फेब्रुवारी होती, पुढची 1 मार्च 2027 ची मध्यरात्र धरून आहे. फेब्रुवारीत कोकणातल्या गावात जाऊन बघा. गणपती कधीच झाले, शिमगा अजून यायचाय. प्रगणकाला भेटतात म्हातारी माणसं, बायका आणि कुलपं. 2001 ला रत्नागिरी जिल्ह्यात हजार पुरुषांमागे 1,136 स्त्रिया होत्या. हे पुरुष कुठे गेले ते तुम्हाला मी सांगायला नको. गणपतीत मोजणी घेतली तरी फरक पडणार नाही. तुम्ही नेहमी राहता कुठे, हाच प्रश्न असतो. पाच दिवसांच्या पाहुण्याला गावात धरत नाहीत.

आता गणित. 2001 ला राज्याची लोकसंख्या 9,68,78,627. भागिले 288, म्हणजे एका आमदारामागे 3,36,384. रत्नागिरी जिल्हा 16,96,777, भाग जातो 5.04. मिळाले पाच. सिंधुदुर्ग 8,68,825, भाग 2.58, मिळाले तीन. मुंबई शहर 9.92, मिळाले दहा. उपनगर 25.69, मिळाले 26. ठाणे (तेव्हा पालघर त्यातच) 24.17, मिळाले 24. डाव वगैरे शोधायचा असेल तर या भागाकारात शोधा.

त्याआधी रत्नागिरीला सात होते ते कसे, असं विचाराल. 1978 च्या निवडणुकीपासून 2004 पर्यंत जो नकाशा चालला तो 1971 च्या जनगणनेवर होता. 1976 च्या 42 व्या घटनादुरुस्तीने तो गोठवला. कुटुंबनियोजन नीट राबवणाऱ्या राज्यांच्या जागा कमी होऊ नयेत, हे कारण. पण त्या गोठवणुकीत राज्याच्या आतलंही सगळं गोठलं. तीस वर्षं कोकण रिकामं होत राहिलं, ठाणे फुगत राहिलं, आणि ठाणे जिल्ह्याचे आमदार मात्र 13 ते 13च. 2008 ला तीस वर्षांचं साचलेलं एकदम उतरलं, म्हणून धक्का मोठा बसला. दर दहा वर्षांनी करत गेले असते तर खेड आणि संगमेश्वर एकाच फटक्यात गेले नसते, पण गेले असते हे खरं.

यात एक गोष्ट आमच्याकडे फारशी कोणी बोलत नाही. 84 व्या घटनादुरुस्तीत आतल्या सीमा 1991 च्या आकड्यांवर बदलायच्या असं होतं. 2003 ला 87 वी दुरुस्ती आली आणि 1991 च्या जागी 2001 झालं. 1991 चे आकडे घेऊन भागाकार करून बघा: राज्य 7,89,37,187, सरासरी 2,74,087, रत्नागिरी 15,44,057. उत्तर 5.63. म्हणजे हिशेबाने सहा. आपल्या जिल्ह्याचा सहावा आमदार कोणा पुढाऱ्याने नाही, जनगणनेच्या वर्षाने नेला.

ठरवतं कोण, याचं उत्तर: मतदारसंघ पुनर्रचना आयोग. निवृत्त न्यायमूर्ती कुलदीप सिंग अध्यक्ष होते. प्रत्येक राज्यातले पाच खासदार आणि पाच आमदार सहयोगी सदस्य असतात, बैठकीला बसतात, बोलतात, पण त्यांना मत नाही आणि निर्णयावर सहीही नाही. अंतिम आदेश निघाला की त्याला कायद्याचं बळ. विरोधी पक्षनेत्याचा मतदारसंघ गेला तो असा.

खासदाराचं कोडंही त्यातलंच. लोकसभेच्या 48 जागा आणि प्रत्येकीत सहा विधानसभा. रत्नागिरीचे पाच आणि सिंधुदुर्गाचे तीन मिळून आठ. सहा घेतले की दोन उरतात. उरलेले दापोली आणि गुहागर वर रायगडला जोडले. रायगड जिल्ह्याचे पनवेल, कर्जत, उरण हे तीन घाटापलीकडे मावळला गेले होते, तिथे खड्डा होताच. बॅ. नाथ पैंचा आणि नंतर पाच वेळा मधू दंडवत्यांना निवडून देणारा राजापूर लोकसभा मतदारसंघ त्याच वेळी नावासकट संपला.

बांदा_चेकनाका

आमची गंमत ऐका. सिंधुदुर्गात 2011 ला 8,49,651 माणसं, आमदार तीन. म्हणजे एकामागे पावणेतीन लाखांवर. पत्रादेवीची हद्द ओलांडून पेडण्यात गेलात की गोव्याची 14,58,545 लोकसंख्या आणि आमदार 40. एकामागे साडेछत्तीस हजार. तिथला आमदार मतदाराच्या घरच्या बारशाला येतो. आमच्या आमदाराने बारशाला जायचं ठरवलं तर पाच वर्षं तेवढंच करावं लागेल. राज्य वेगळं म्हणून माप वेगळं, हे कळतं. पण बाजाराला आणि नोकरीला रोज त्याच रस्त्याने जातो, म्हणून डोळ्यात खुपतं.

नालासोपारा_पूर्व

सगळे गावचे आमदार गेले म्हणून बोलतायत, ते आले कुठे तेही ऐका. आमच्याकडे आले. माझं माहेर गुहागर तालुक्यात, सासर लांजा, आणि गेली कित्येक वर्षं नालासोपाऱ्यात. आमच्या चाळीत निम्मी घरं रत्नागिरीची. 2008 पर्यंत नालासोपारा नावाचा मतदारसंघच नव्हता. पाणी टँकरचं, लोकलला लटकायचं, आणि आमदार मागायला जावं तर एवढ्या पसाऱ्याला एकच माणूस.

आताही बघा. 2011 च्या आकड्यांनी रत्नागिरीत एका आमदारामागे 3,23,014 माणसं, आणि जुन्या ठाणे जिल्ह्यात 4,60,840. माझ्या आईचं गावचं मत माझ्या इथल्या मतापेक्षा जड आहे. गाव ओस पडतंय याचं दुःख मलाही आहे. पण शाळेत वर्ग भरतात ते इथे, रांगा लागतात त्या इथे. माणूस इथे राहणार आणि आमदार तिकडे ठेवणार, याला काय अर्थ आहे?

भरणे नाका भाऊ, तुम्हीही दिव्यातच राहता ना? तुमच्या रेल्वे फाटकाचा, पाण्याचा प्रश्न खेडचा आमदार सोडवणार आहे का?

भरणे_नाका

ताई, बोललात ते लागलं, पण खोटं नाही. तरीही दिव्यात माझं आहे काय? भाड्याची खोली. गावी घर आहे, बागायत आहे, म्हातारी माणसं आहेत. रस्ता खचला, जगबुडी नदीचं पाणी बाजारात शिरलं की रात्रभर फोन मलाच येतात.

काका, दोन गोष्टी विचारतो. एक, यावेळी मोबाईलवर स्वतः माहिती भरायची सोय आहे म्हणतात. मग आम्ही गावच्या पत्त्यावर भरली तर? दोन, डोंगराळ भाग म्हणून काही सूट नाही का? वाडीवाडीत डोंगर आडवा, आणि माप मात्र ठाण्याचंच?

जुना_कारकून

पहिलीचं उत्तर: करू नका. मुद्दाम खोटी माहिती देणं 1948 च्या जनगणना कायद्याने गुन्हा आहे. शिवाय तुमच्या खोलीतून दिव्याचा आकडा कमी होईल आणि ताईंचा टँकर अजून लांबेल. आणि विषय निघालाच आहे तर मतदार यादीचंही सांगून टाकतो, राग मानू नका. 1950 च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यात स्पष्ट लिहिलंय की केवळ घर मालकीचं आहे एवढ्यावरून कोणी तिथला सर्वसाधारण रहिवासी ठरत नाही. आमच्या शाखेत कोकणातल्या याद्यांकडे सगळे जरा कानाडोळा करायचे, कारण गाड्या भरून येणारी माणसं सगळ्याच पक्षांना हवी असायची. उद्या कोणी बोट ठेवलं तर वाडीची अर्धी यादी कटेल.

दुसरी गोष्ट. सूट आहे, पण पातळ. कायद्यात भूभागाची सलगता, नैसर्गिक रचना, तालुक्याच्या सीमा, दळणवळण, लोकांची सोय हे सगळं पाहायला सांगितलंय. पण ते सगळं लोकसंख्येचं माप सांभाळून. जम्मू-काश्मीरमध्ये 2022 ला आयोगाने जिल्ह्यांचे तीन गट केले आणि डोंगराळ, सपाट असा फरक धरून सरासरीच्या दहा टक्के खालीवर मुभा दिली. उत्तराखंडात मात्र 2008 ला डोंगरातल्या जिल्ह्यांच्या जागा 40 वरून 34 झाल्या. म्हणजे दोन्ही उदाहरणं आहेत. दहा टक्क्यांनी आपलं भागेल का, ते खालचे आकडे बघून ठरवा.

2011 चे आकडे आणि 288 तसेच धरले तर सरासरी 3,90,189. रत्नागिरी 16,15,069, दहा वर्षांत पाऊण लाखावर माणसं कमी. भाग 4.14. सिंधुदुर्ग 2.18. पुणे जिल्हा 24.17, आता तिथे 21 आहेत. जुनं ठाणे 28.35. मुंबई शहर 7.91, म्हणजे परळकरांचे अजून दोन. 2027 ला आपला आकडा चढला असेल असं मला वाटत नाही. एकूण 288 राहतात की वाढतात ते संसद ठरवेल. वाढले तर आपले पाच टिकतील कदाचित, पण पुण्याचे आणि ठाण्याचे त्याहून भरभर वाढतील, म्हणजे सभागृहातलं वजन घटणारच. हीच तक्रार तमिळनाडू दिल्लीकडे करतंय. फरक इतकाच की त्यांच्याकडे मुलं कमी झाली, आपली मुलं दिव्यात झाली.

तेव्हा वाडीच्या बैठकीत पाच की चार यावर रात्र घालवू नका, तो आकडा कोणाच्या हातात नाही. हातात असतं ते कोणतं गाव कुणाला जोडायचं. आयोगाचा मसुदा राजपत्रात येतो, हरकतींना मुदत असते, जाहीर सुनावणी होते. मागच्या वेळी बहुतेक ठिकाणच्या हरकती एकाच साच्यातल्या: 'आमच्यावर अन्याय झाला आहे, मतदारसंघ पूर्ववत करावा.' खाली अंगठे आणि सह्या. असल्या अर्जावर करणार काय? एखादाच अर्ज कामाचा यायचा. ही तीन गावं या मंडळातली, नदीच्या अलीकडची, पावसात पलीकडे जायला पूल नाही, यांची लोकसंख्या इतकी, ती इकडून काढून तिकडे घातली तरी दोन्हीकडचं माप बिघडत नाही. असं लिहिलेलं असलं की नकाशा उघडून बघावाच लागतो.

त्यासाठी तुमच्या मंडळातल्या गावांची यादी आणि 2011 चे आकडे आत्ताच काढून ठेवा. जनगणनेच्या जिल्हा पुस्तिकेत गाववार मिळतात. 2027 चे आले की बदलून घ्या. आणि अर्ज वाडीचा नको, ग्रामपंचायतीचा ठराव जोडून करा, शेजारच्या दोन-तीन ग्रामपंचायतींचे ठराव बरोबर असतील तर आणखी बरं. तुमची वाडी सध्या दापोलीत आहे का गुहागरात, ते कळवलंत तर पुढचं सांगतो.