मदत हवी आहे: प्रार्थनेला बसले की काळजी आणखी वाढते

सर्वांना प्रभूमध्ये सलाम.

माहेर नगरचं, आता पिंपरीत राहते. वय 43. नवरा चाकणला कारखान्यात, एक आठवडाआड रात्रपाळी. मुलगी बारावीला. घरात काही वाईट घडलेलं नाही, हे आधीच सांगते. तरी पहाटे साडेतीनला जाग येते ती छातीत धडधड घेऊनच. गॅस बंद केला का, ह्यांनी हेल्मेटचा पट्टा लावला असेल का, सासूबाईंची शुगर, घराचा हप्ता... एकातून दुसरं निघत राहतं.

आमची आजी रात्री कंदील बारीक करून ना. वा. टिळकांचं एखादं भजन म्हणायची आणि मग घरातल्या एकेकाचं नाव घेऊन प्रार्थना करायची. तीच सवय मला लागली. पण हल्ली नाव घेतलं की त्या माणसाचं काय काय होऊ शकतं तेच दिसायला लागतं. "ह्यांना सांभाळ" म्हणते आणि डोळ्यांपुढे चाकणचा रस्ता आणि ट्रेलर. आमेन म्हणेपर्यंत हात गार पडलेले असतात. देवासमोर बसून मी नुसती काळजीच करते की काय, असं वाटतं.

फिलिप्पै 4:6, "कशाचीही चिंता करू नका", हे वचन लहानपणापासून पाठ आहे. पूर्वी त्याचा आधार वाटायचा, आता आपण आज्ञा मोडतोय असं टोचतं. प्रार्थनासभेतल्या एका ताईंनी प्रेमानेच सांगितलं, "विश्वास कमी पडतोय, उपास धर." धरला. चक्कर आली. डॉक्टरांनी थायरॉईड तपासलं, ते ठीक निघालं. मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा म्हणाले. ती चिठ्ठी तीन आठवडे बायबलच्या कव्हरात पडून आहे.

ज्यांनी हे सोसलंय त्यांना विचारते. काळजी प्रभूवर टाकता म्हणजे नेमकं काय करता? टाकली तर परत का येते? आणि गोळ्या घेतल्या तर भरवसा सोडल्यासारखं होतं का? कृपया "देवावर सोडा" एवढंच लिहू नका.

वसईकर: ताई, मी कॅथलिक, त्यामुळे माझी रीत वेगळी. लोकलच्या गर्दीत जीव घाबरा व्हायचा तेव्हापासून जपमाळ खिशात असते. मंगळवारी आणि शुक्रवारी तिच्यातलं पहिलं मनन गेथशेमानेच्या बागेचं, जिथे अटकेआधी प्रभू व्याकूळ झाला. तिथे प्रभूने तीनदा प्रार्थना केली आणि तिसऱ्यांदाही तेच शब्द (मत्तय 26:44). हे लक्षात आल्यापासून, काळजी परत आली म्हणजे आपण ती नीट टाकली नव्हती, असं मी मानत नाही. पुन्हा टाकतो. कधी एका प्रवासात दहा वेळा.

निवृत्त पाळक: बाई, फिलिप्पैचं पत्र लिहिणारा पौलच 2 करिंथ 11:28 मध्ये सांगतो की सर्व मंडळ्यांची चिंता त्याला रोज असते. त्याला कुणी अविश्वासू म्हणत नाही. आणि उपास थांबवा. 1 राजे 19 काढा. एलीया संदेष्टा मरण मागत झुडपाखाली पडला, तेव्हा दूताने त्याला भाकर आणि पाणी दिलं, झोपू दिलं, पुन्हा उठवून खाऊ घातलं. बोलणं त्यानंतर. औषधाचं म्हणाल, तर आपला तरुण सहकारी तीमथ्य याच्या पोटासाठी पौलाने थोडा द्राक्षारस घ्यायला सांगितलं (1 तीमथ्य 5:23), अजून विश्वास ठेव असं लिहिलं नाही. पहाटेची नावांची यादी काही दिवस आम्हा मंडळीवर सोपवा. तुम्ही फक्त स्तोत्र 131 म्हणा. तीनच वचनं आहेत, आईजवळ निवांत झालेल्या बाळाची.

परिचारिका_पुणे: ती चिठ्ठी आजच बाहेर काढा, ताई. धडधड शरीराची असते, तिच्यावर उपचार आहेत. स्तोत्र म्हणताना श्वास सोडायला घेण्यापेक्षा जास्त वेळ द्या. रात्री फारच झालं तर 14416 वर फोन करा, टेलिमानस ही मानसिक आरोग्याची हेल्पलाइन. सरकारी आहे, मोफत आहे, मराठीत बोलता येतं.

धागाकर्ती: तुम्हा सगळ्यांचे उत्तर वाचताना रडू आलं. गुरुवारची वेळ घेतली, हे सोबत येणार आहेत. आज पहाटे जाग आली तेव्हा नावं घेतली नाहीत, स्तोत्र 131 चार-पाच वेळा म्हटलं. झोप लागली नाही, पण हात गार पडले नाहीत. पाळकसाहेब, एक विचारायचं राहिलं. मुलीला हे सांगावं का? बारावीचं वर्ष आहे, आणि मला वाटतं तिने माझं पहाटेचं उठणं कधीच ओळखलंय.