हसण्यावारी नेलं आणि मुद्दाही गेला

पानगळ:
मी आकडेवारीच्या विश्लेषणाचं काम करते. टीममध्ये सात जण, देव मानणारी मी एकटीच. काम सुरू करण्याआधी क्षणभर डोळे मिटते, एवढंच. कुणाला उपदेश नाही की काही नाही. एकदा कुणीतरी पाहिलं आणि तेव्हापासून मी 'भक्त'. सर्व्हर बंद पडला की "वरती तक्रार नोंदव" वगैरे. ते चालतं मला, काही विनोद तर चांगले असतात.

गेल्या आठवड्यात मात्र बैठकीत मी एका निष्कर्षावर शंका काढली. नमुना एकाच महिन्यातला वाटत होता. आमचे प्रमुख म्हणाले, "न दिसणाऱ्यावर विश्वास ठेवतेस आणि आमच्याकडे पुरावे मागतेस?" सगळे हसले. मीही हसले. स्लाइड पुढे सरकली. घरी आल्यावर राग आला तो त्यांच्यापेक्षा स्वतःच्या हसण्याचा. तुम्ही अशा वेळी काय करता?

पक्का_नास्तिक:
असले टोमणे मी वर्षानुवर्षं मारलेत. शेवटी एका मित्राने एकट्याला गाठून सांगितलं, "देवाला हव्या तेवढ्या शिव्या घाल, पण माझं म्हणणं खोडायला त्याला मध्ये आणू नकोस." लागलं मला. चारचौघांत बोलला असता तर मी वाद जिंकायच्याच मागे लागलो असतो. तेव्हा प्रमुखांना एकटं गाठा.

आमचीही एक बाजू ऐका. रात्रभर जागून चूक शोधावी आणि सकाळी कुणी "देवाची कृपा" म्हणावं, तेव्हा टाळकं फिरतं. तुम्ही तसं म्हणत असाल असं नाही.

दुर्बीण:
जॉर्ज लमेत्र आठवले. कॅथलिक धर्मगुरू, आणि १९२७ साली विश्व प्रसरण पावतंय हे मांडणारे. १९५१ मध्ये पोप बारावे पायस यांनी विश्वाच्या आरंभाबद्दलच्या या विज्ञानाला ईश्वरी निर्मितीचा दाखला मानलं, तर खुद्द लमेत्रनाच ते रुचलं नाही! सिद्धांत धर्माच्या प्रश्नांपासून अलग ठेवावा, हे त्यांचं म्हणणं. दुसरं उदाहरण १९७९ च्या भौतिकशास्त्राच्या नोबेलचं. अब्दुस सलाम धर्मनिष्ठ, स्टीव्हन वाइनबर्ग उघड नास्तिक, तिसरे शेल्डन ग्लॅशो. सलाम आणि वाइनबर्ग आपापल्या वाटेने एकाच सिद्धांतापाशी पोचले होते.

थोडक्यात:
ताई, ही नावं बैठकीत अजिबात काढू नका. ते याहून लांब यादी आणतील. 'नेचर'मध्ये १९९८ साली आलेल्या पाहणीत अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या उत्तर देणाऱ्या सदस्यांपैकी देव मानणारे जेमतेम ७ टक्के होते. तुमचा प्रश्न नमुन्याचा होता ना? तोच पुन्हा विचारा.

पानगळ:
विचारला. प्रमुखांना एकटं गाठलं, देवाचा विषयच काढला नाही. "परवाचा नमुन्याचा मुद्दा तसाच राहिला" एवढंच मी म्हणाले. ते जरा ओशाळले, मग दोघांनी बसून मूळ डेटा उघडला.

माझी शंका चुकीची निघाली. नमुना पाच महिन्यांचा होता, तक्त्याचं शीर्षक तेवढं चुकलं होतं. संध्याकाळी टीममध्ये कुणीतरी म्हणालंच, "वरून चुकीची टीप आली वाटतं." या वेळी मला खरंच हसू आलं.