'अंडररेटेड' गायिकेला मराठीत काय म्हणावं?

तबकडी
आमच्या सोसायटीत महिन्यातून एकदा जुन्या रेकॉर्डी ऐकायला वीसेक जण जमतो. पुढची पाळी माझी आणि मी कॉनी स्मिथ लावणार आहे, अमेरिकेतल्या 'कंट्री' म्हणजे गावाकडच्या ढंगाच्या गाण्यांची गायिका. नॅशव्हिल हे त्या गाण्यांचं गाव, म्हणून निमंत्रणात लिहिलं, "नॅशव्हिलची उपेक्षित गायिका". मसुदा वाचून आमच्यातले एक काका म्हणाले, "अगं, उपेक्षित म्हणजे ऊर्मिला. चौदा वर्षं कुणी विचारलं नाही ती. तुझ्या बाईचं तर पहिलंच गाणं आठ आठवडे पहिल्या नंबरावर होतं म्हणतेस!"

काका चुकत नाहीत. १९६४ चं 'वन्स अ डे'. पहिल्याच रेकॉर्डने कंट्रीच्या यादीत पहिला नंबर गाठणारी ती पहिली बाई, आणि एकट्या गायिकेचा तो आठ आठवड्यांचा विक्रम २०१२ पर्यंत कुणाला मोडता आला नाही. तरीही त्याच काळातले कंट्री गायक जिम रीव्हज आणि पॅट्सी क्लाइन पाठ असलेल्या माणसांना कॉनी स्मिथ म्हटलं की "कोण?" मलाही माहीत नव्हती. दोन वर्षांपूर्वी जुन्या बाजारात जिम रीव्हजच शोधत होते, त्या ढिगातून ही वर आली. वीस रुपये. घरी येऊन सुई ठेवली आणि चहा गार झाला.

तर प्रश्न एवढाच: अंडररेटेडला मराठी शब्द काय? चार दिवसांत पत्रिका छापायला द्यायची आहे.

जोडाक्षर
न्यूनमूल्यांकित. अर्थ नेमका, संस्कृतातून सरळ. आपण शब्द वापरायला लाजतो म्हणून ते अवघड वाटतात, एरवी 'आकाशवाणी' तरी काय सोपा होता?

शेरेबुक
"न्यूनमूल्यांकित गायिका" वाचल्यावर घरपट्टीची नोटीस आल्यासारखं वाटलं.

अर्धमात्रा
'दुर्लक्षित' का नको? तसं संस्कृतात 'दुर्लक्ष्य' म्हणजे दिसायला कठीण. दोष बघणाऱ्याचा नव्हे, वस्तूच बारीक. मराठीत येईपर्यंत सगळा दोष बघणाऱ्यावर आला. कॉनी स्मिथच्या बाबतीत दोन्ही अर्थ लागू, बाई अगदी ठेंगणी आहे म्हणतात. (हलके घ्या.)

तबकडी
उंची खरी आहे! पण दुर्लक्षितही बसत नाही हो. १९६५ पासून ती ग्रँड ओल ऑप्री या नॅशव्हिलच्या नावाजलेल्या रेडिओ-मैफलीची सभासद. गायिका डॉली पार्टनचं म्हणणं प्रसिद्ध आहे: खऱ्या गाणाऱ्या बायका तीनच, स्ट्रायसँड, रॉनस्टॅड आणि कॉनी स्मिथ, बाकीच्या आम्ही सोंग करतो. धंद्यातल्या लोकांनी कधीच दुर्लक्ष केलं नाही. बाहेरच्यांपर्यंत नाव गेलं नाही, इतकंच.

अर्धमात्रा
मग 'गवयांची गायिका' म्हणा. 'गवयांचा गवई' आपल्याकडे आहेच.

शेरेबुक
मला वाटतं मराठीत यासाठी शब्द कधीचाच आहे आणि आपण तो रोज वापरतो. 'गुणी'.

वर्तमानपत्रं काढून बघा. "गुणी अभिनेत्री", "गुणी संगीतकार" हे कुणाबद्दल छापून येतं? लताबाईंना गुणी गायिका म्हटलेलं ऐकलंय कुणी? ज्याचं नाव व्हायला हवं होतं आणि झालं नाही, त्याच्या पाठीवरून हात फिरवायचा शब्द आहे तो. माझे एक मामा नाटकात होते. चाळीस वर्षं त्यांना सगळे गुणी म्हणत. एकदा चिडून म्हणाले, "हा शब्द पुन्हा माझ्या नावामागे लावाल तर खबरदार, पुढचं काम मिळत नाही."

पानवेल
शेरेबुक, दंडवत! पण 'गुणी' पाच वर्षांच्या मुलालाही म्हणतात. "गुणी बाळ ते, दूध पिऊन टाक." पत्रिकेत वाचून लोकांना वाटेल मुलांचा कार्यक्रम आहे.

जोडाक्षर
शेरेबुक यांचं निरीक्षण मार्मिक आहे, पण तो ध्वन्यर्थ झाला. वाच्यार्थ गुण असलेली, एवढाच. छापायचं ते वाच्यार्थाने.

वसईवाला
शब्दाचं तुमचं चालू द्या. जिम रीव्हजचं नाव आलं म्हणून लिहितो. वसईत आमच्या आळीत नाताळ जवळ आला की घराघरातून तोच ऐकू यायचा. आजोबांना इंग्रजी येत नव्हतं, पण शब्दन् शब्द पाठ. तो ३१ जुलै १९६४ ला विमान पडून गेला, ही तारीख आमच्याकडे घरातल्या माणसाच्या तारखेसारखी सांगतात. कॉनी स्मिथचं गाणं कधीचं?

तबकडी
ध्वनिमुद्रण १६ जुलै १९६४, नॅशव्हिलच्या आरसीए स्टुडिओत. रेकॉर्ड कंपनीही तीच, जिम रीव्हजचीच. पंधरा दिवसांचं अंतर. पॅट्सी क्लाइन आदल्या वर्षी मार्चमध्ये गेली होती, तीही विमान अपघातातच.

वसईवाला
बापरे.
एक सांगतो, पत्रिकेत नुसतं 'कंट्री' लिहू नका. मी एकदा मित्रांना म्हटलं, "संध्याकाळी या, कंट्री आणलीय." आठ जण आले, शेंगदाणे घेऊन.

शेरेबुक
😂 मुळात त्या गाण्यांचा अर्धा जन्म दारूच्या गुत्त्यातच झालाय, त्यामुळे मित्र फार चुकले नाहीत.

तबकडी
याच्याच शेजारचा दुसरा अडलेला शब्द: ट्वँग, म्हणजे कंट्रीच्या गळ्यातला आणि तारांतला तो झणझणता, नाकातला सूर. नॅशव्हिल साउंड समजावताना तो टाळता येत नाही. पन्नासच्या दशकाच्या शेवटी रॉकनरोलने कंट्रीचं गिऱ्हाईक पळवलं. तेव्हा आरसीए कंपनीचे निर्माते चेट ॲटकिन्स आणि डेक्का कंपनीचे ओवेन ब्रॅडली यांनी गावरान फिडल आणि स्टील गिटार मागे सारली. त्या जागी व्हायोलिनांचा ताफा आणला, मागे गुळगुळीत कोरस. ट्वँग घासून काढला आणि शहरात माल खपू लागला. नॅशव्हिल साउंड म्हणजे काय असं विचारल्यावर ॲटकिन्स यांनी म्हणे खिशातली नाणी खुळखुळवून दाखवली.

कॉनी स्मिथची गंमत अशी की ती याच काळातली, याच स्टुडिओतली, पण तिच्या रेकॉर्डवर स्टील गिटार मागे बसत नाही. निर्माते बॉब फर्ग्युसन यांनी स्टील गिटारवाल्या वेल्डन मायरिकला मोकळं सोडलं. 'वन्स अ डे'त बाईची ओळ संपते न संपते तोच ती गिटार पुढे येऊन बोलते. तार दाबायची नाही, तिच्यावरून लोखंडी दांडी सरकवायची, वर पायाखालची पेडलं. सूर तुटत नाही, ओघळतो. मग हा ट्वँग म्हणजे गेंगाणेपणा? ठसका? हेल?

जोडाक्षर
टणत्कार. इंग्रजी शब्दही मुळात धनुष्याच्या दोरीच्या आवाजावरूनच आहे.

पानवेल
टणत्कार म्हटलं की सीतास्वयंवर सुरू होतं. गेंगाणा तर शिवीच.

मिरजकर_तारवाला
'जवारी' म्हणा की. आवाजाला जवारी आहे असं गवई म्हणतातच. तंबोऱ्याची घोडी अगदी सपाट ठेवली तर तार मुकी बोलते. कानशीने ती किंचित उतरती करायची, तारेखाली सुताचा दोरा केसभर पुढे-मागे सरकवायचा. एका जागी दोरा आला की तार एकदम उजळते आणि भुंग्यासारखी बोलायला लागते. ती जवारी. आमच्या मिरजेत जवारी लावण्यात हयात घालवलेले कारागीर आहेत. तुमच्या त्या ॲटकिन्सनं केलं काय, तर जवारी काढून टाकली.

अर्धमात्रा
वा! जवारी म्हणजे जीव आणणारी, 'जीव'वरूनच असणार.

जोडाक्षर
'असणार' ही व्युत्पत्ती नव्हे.

बेळगावी_कुंदा
थांबा थांबा. आमच्याकडं जवारी म्हणजे गावठी. जवारी कोंबडी, जवारी मिरची, जवारी काकडी. हायब्रीड नव्हं ते जवारी. कन्नडमध्येबी तोच अर्थ, बोलण्याला सुद्धा म्हणतात. मग बघा की, ट्वँग पण जवारी आणि कंट्री पण जवारी! "जवारी गाणी" लिहा पत्रिकेत, एका शब्दात दोन्ही कामं.

शेरेबुक
हा धागा इथेच बंद करून कुंदा वाटावा असं मी सुचवतो.

मिरजकर_तारवाला
कुंदाराव, तो शब्द वेगळा, हा वेगळा. तंबोऱ्याची जवारी गावठी नसते, अत्यंत नाजूक काम आहे ते.

बेळगावी_कुंदा
गावठी म्हणजे रांगडं असं कुणी सांगितलं तुम्हाला? जवारी मिरचीची चव नाजूकच असते. तिखट उशिरा लागतं.

जोडाक्षर
दोन भिन्न उगमांचे शब्द केवळ उच्चार सारखा म्हणून एकत्र बांधणं हा भाषेवर अन्याय आहे. उद्या 'कर' म्हणजे हात आणि 'कर' म्हणजे टॅक्स, म्हणून हातावर टॅक्स लावाल.

पानवेल
सरकारला कल्पना देऊ नका.

जोडाक्षर, शब्द वापराने ठरतात, उगमाने नाही. पुण्यात बसून 'न्यूनमूल्यांकित' घडवायचा आणि बेळगावात रोज बोलला जाणारा शब्द मात्र अन्याय, असं कसं?

जोडाक्षर
मी ठाण्यात असतो.

तबकडी
भांडू नका, मला अजून एक ओळ सोडवायची आहे. गीतकार बिल अँडरसन यांनी कॉनीला १९६३ मध्ये ओहायोतल्या एका गाण्याच्या स्पर्धेत ऐकलं आणि पुढे 'वन्स अ डे' खास हिच्यासाठी लिहिलं. गाण्यातली बाई म्हणते, मी काही सारखी रडत नाही, दिवसातून एकदाच. मग कळतं की ते एकदा म्हणजे अख्खा दिवस. रात्रीही एकदाच, तिन्हीसांजेपासून उजाडेपर्यंत. "दिवसातून एकदाच, दिवसभर" असं केलंय, पण कोटी लंगडी पडते.

पानवेल
"एकदाच येते. जात नाही."

अर्धमात्रा
पानवेल! कोटी गेली पण बाई राहिली. मी असं करीन: "आठवण येते दिवसातून एकदाच, सकाळी येते ती रात्रीच उठते." पाहुणीसारखी.

वसईवाला
रात्री पण उठत नाही ना पण ती. 'मुक्कामालाच येते' म्हणा.

तबकडी
'मुक्कामाला' फार आवडलं. घेतला.

मूळ प्रश्नाबद्दल मात्र मीच आता गोंधळले आहे. परवा कॉनीची माहिती पुन्हा काढली. १९७९ मध्ये ती स्वतःच बाजूला झाली, पाच मुलं होती, आणि देवधर्माकडे ओढा त्याच्याही आधीपासून. १९८५ मध्ये परत आली, मग पुन्हा शांत. १९९८ मध्ये गायक मार्टी स्टुअर्टबरोबर अल्बम केला (आदल्या वर्षी त्याच्याशीच लग्न झालं होतं). २०२१ मध्ये, ऐंशीव्या वर्षी, आणखी एक, आणि आवाज जागच्या जागी. कंट्रीच्या हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे मानाच्या यादीत, घेतलं ते २०१२ मध्ये. त्याच वर्षी टेलर स्विफ्टने तिचा आठ आठवड्यांचा विक्रम मोडला. म्हणजे हिला कुणी मागे टाकलं, की हीच उठून गेली? उठून गेलेल्या माणसाला उपेक्षित म्हणायचं का?

शेरेबुक
म्हणूनच म्हणतो, गुणी.

अर्धमात्रा
'अनवट' चालेल? अन् + वाट, मळलेल्या वाटेवरची नव्हे ती. अनवट राग म्हणतोच.

पानवेल
आमच्या आजीच्या पायाच्या अंगठ्यात अनवट असायचं, चांदीचं. तिथे कुठली वाट?

अर्धमात्रा
पाय आला की वाट आलीच!

जोडाक्षर
🙏

तबकडी
पत्रिका छापून आली. शेवटी घाबरून 'उपेक्षित'च ठेवलं होतं. टाइप करणाऱ्या मुलाने केलंय: "नॅशव्हिलची अपेक्षित गायिका". साठ प्रती.

काकांना दाखवली. चष्मा वर करून दोनदा वाचली आणि म्हणाले, "हं. आता बरोबर आहे."

जोडाक्षर
अप + ईक्ष् आणि उप + ईक्ष्. धातू एकच. एका अक्षराने वाट पाहणं आणि पाठ फिरवणं. त्या मुलाला रागावू नका.

मिरजकर_तारवाला
कुंदाराव, कालच्या बोलण्यावर विचार केला. आमच्या गल्लीतल्या एका म्हाताऱ्या कारागिरांना विचारलं, जवारी शब्द कुठून आला. म्हणाले, "दोरा पुढं घे आधी, तार बोलंना झालीय." परत जाऊन विचारतो.

बेळगावी_कुंदा
विचारा. आणि येताना मिरची न्या आमच्याकडची, त्यांना द्यायला.