मदत हवी आहे: एल्क हरणाच्या शिकारीत शुगर घसरते, काय करू?

रानवाट: शनिवारी दुसरा रायफल सीझन सुरू होतोय, शुक्रवारी निघायचंय. गेल्या वर्षी दुसऱ्या रात्री अडीचला अंगावरच्या शुगर सेन्सरवर ५२. खात्री करायला मीटर काढलं तर थंडीने ते चालेना, ज्यूसचा पॅक दगड झालेला. सकाळी हात इतके थरथरत होते की रायफल उचललीच नाही, परत आलो. यंदा परत यायचं नाहीये. कुणाला अनुभव आहे का? लवकर सांगा.

चारू_७१: कुठे? टाइप १ की २? गोळ्या की इन्सुलिन?

अण्णा_नाशिककर: मेथीदाणे रात्री भिजवा, अनशापोटी पाणी प्या. माझी २४० वरून १४० वर आली.

गौरी_म: अण्णा, त्यांची वाढत नाहीये, घसरतेय!

रानवाट: कोलोरॅडो, फ्लॅट टॉप्स. मुक्काम १०,००० फुटांवर. टाइप १, चौदाव्या वर्षापासून. नळीवाला इन्सुलिन पंप.

देवदार: मीही टाइप १, मोंटानात नऊ सीझन केलेत. पंप घरी ठेवा, इन्सुलिनचं पेन न्या. इन्सुलिन एकदा गोठलं की फेकायचं, वितळलं तरी वापरायचं नाही. पेन दिवसा आतल्या बनियनच्या खिशात, रात्री स्लीपिंग बॅगमध्ये. हँड वॉर्मर त्याला चिकटवून ठेवू नका, उष्णतेनेही खराब होतं. ज्यूस सोडा, ग्लुकोजच्या गोळ्या गोठत नाहीत.

गौरी_म: पंप काढायला सांगू नका हो. मुलीला टाइप १ आहे, ती ट्रेकला पंपच नेते. दिवसभर चढउतार झाली की शुगर रात्री झोपेत पडते. पंपावर बेसल (दिवसरात्र थोडंथोडं जाणारं इन्सुलिन) तेव्हाच्या तेव्हा कमी करता येतं, पेनने लाँग ॲक्टिंग (बराच वेळ टिकणारं) टोचलं की टोचलं. किती कमी करायचं ते आजच डॉक्टरांना विचारा.

देवदार: आणि नळीतलं इन्सुलिन गोठलं तर?

गौरी_म: नळी कपड्यांच्या आत. पेन जोडीला न्याच, पण पंपाऐवजी नको.

कोकणचा_पाऊस: एल्क म्हणजे आपलं सांबर ना? मुक्या जनावराला कशाला मारायचं?

देवदार: सांबर वेगळं, काश्मीरचा हंगुल जास्त जवळचा. इथे परवान्यावर शिकार होते, खाण्याजोगं मांस रानात टाकून येणं गुन्हा आहे.

रानवाट: आमच्या घरी वर्षभर तेच मांस असतं. विषय तो नाही, प्लीज.

सॅन_होजे_कर: एच-वन-बीवर असाल तर हंटिंग लायसन्सशिवाय बंदूक हातात घेऊ नका.

रानवाट: मी सिटिझन आहे!

चारू_७१: ५२ दिसलं तेव्हा सेन्सरच्या कुशीवर झोपला होतात का? दाबाने आकडा खोटा कमी दिसतो.

रानवाट: नाही, पाठीवर. घामाने भिजलो होतो, खरंच लो होती.

देवदार: नर पडला तर हाडं काढूनही ८०-१०० किलो मांस वाहायचं असतं. खरी लो त्यानंतरच्या रात्री येते. सोबत कोण आहे? ग्लुकागॉन (बेशुद्धीत शुगर वाढवायचं औषध) देता येतं त्यांना?

रानवाट: शेजारी आहे, तीन वर्षं एकत्र जातो. त्याला डायबेटिसचं सांगितलेलं नाही. गेल्या वर्षी पोट बिघडलंय म्हणालो.

गौरी_म: अहो, तुम्ही शुद्धीवर नसाल तर तुमचं पोट बिघडलंय असं समजून तो झोपू देईल तुम्हाला! आत्ता फोन करा.

देवदार: हे आधी. पंप-पेन नंतर.

रानवाट: केला. तो गप्पच झाला, मग म्हणाला, तेव्हाच का नाही सांगितलंस. संध्याकाळी येतोय, किट कसं वापरायचं ते दाखवतो. देवदार, रात्री स्लीपिंग बॅगमध्ये मीटरही ठेवता का?

देवदार: मीटर, पट्ट्या, फोन, सगळं. गोळ्या मात्र दोघांच्याही खिशात.