'मास्क'ला मुखवटा म्हणावं का?

लालदिवा (सांगली)

नमस्कार मंडळी. प्रश्न एकाच शब्दाचा आहे, पण तो कुठून निघाला ते आधी सांगतो.

चाळीस वर्षं स्टुडिओ चालवतोय. निगेटिव्हवर पेन्सिलीनं टचिंग करायला लागलो तेव्हा एकोणीस वर्षांचा होतो. डिजिटल आलं तसं तेही घेतलं, पण संगणकावरचं माझं काम म्हणजे फोटो कापायचा, उजेड कमीजास्त करायचा आणि प्रिंटला पाठवायचा, एवढंच. २०१९ च्या महापुरात आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. धोक्याची पातळी ४५ ची, म्हणजे अंदाज करा. पाणी उतरल्यावर लोक चिखलानं चिकटलेले अल्बम घेऊन दुकानात यायचे. सुटतील तेवढे फोटो सोडवले, वाळवले, स्कॅन करून ठेवले. नीट दुरुस्ती मात्र राहून गेली, कारण लेयर (एकावर एक ठेवलेली चित्रं) आणि मास्क (लेयरचा हवा तो भाग झाकायचं साधन) मला येत नव्हते. या पावसाळ्यात ठरवलं, आता शिकायचंच.

शिकायला दोन पुस्तिका घेतल्या, एक इंग्रजी आणि एक मराठीत भाषांतर झालेली. मराठीतलं वाक्य असं: 'थराला मुखवटा जोडा. काळ्या कुंचल्याने रंगवल्यास थर लपेल, पांढऱ्याने प्रकट होईल.' तीन संध्याकाळी मी यावर डोकं घातलं. काळा रंग थेट फोटोवरच मारत राहिलो आणि नवरीच्या शालूवर डाग पडत राहिले. 'मुखवटा' म्हटल्यावर माझ्या डोळ्यांसमोर पालखीतला देवाचा मुखवटा येतो. तो वर बसवतात, त्याला स्वतःचा चेहरा असतो, आणि आपण बघतो ते त्यालाच. फोटोतला मास्क तर दिसतच नाही!

चौथ्या दिवशी अचानक ओपेक आठवला. गिऱ्हाइकाला मागची भिंत नको असली की आम्ही निगेटिव्हवर तेवढ्या जागी ओपेकचा रंग भरायचो. तिथून एन्लार्जरचा, म्हणजे निगेटिव्हवरून मोठी प्रिंट काढायच्या यंत्राचा, उजेड पार जायचा नाही, कागद पांढराच राहायचा. काळं म्हणजे उजेड अडवणारं, करडं म्हणजे अर्धा अडवणारं, स्वच्छ म्हणजे जाऊ देणारं. मास्क म्हणजे फोटोच्या मागे लावलेली दुसरी निगेटिव्हच की! हे समजल्यावर पुढचं काम दहा मिनिटांत झालं.

म्हणून विचारतो. ज्याचा हात आधीच बसलेला आहे, पण शब्दापाशी अडतो, अशा माणसाला कळेल असा मास्कला मराठीत कोणता शब्द आहे?

कराडची फोटोवाली

काका, दंडवत. ओपेक मी पाहिलेला नाही, पण तुमचं वाचून माझाही एक कोपरा उजळला. फोटोशॉपमध्ये क्विक मास्क (निवड दाखवणारा तात्पुरता मास्क) लावला की झाकलेला भाग लाल दिसतो. तो लालच का, हे मी कितीदा विचारलं होतं. नंतर एका जुन्या छापखानेवाल्यांनी सांगितलं की ऑफसेटच्या कामात रुबिलिथ नावाची लाल फिल्म ब्लेडनं कापून लावायचे. लालातून प्लेटला लागणारा उजेड जात नाही, आणि माणसाला मात्र खालचं दिसत राहतं. तोच लाल संगणकात आला.

नामाबद्दल माझं मत असं की 'मास्क'च राहू द्या. लग्नाच्या कामात आम्ही सगळे 'मास्क मार' म्हणतो आणि सगळ्यांना कळतं. खरी अडचण क्रियापदाची आहे. 'मास्क लावा' म्हटलं की २०२० पासून हात तोंडाकडे जातो. शिकवताना मी 'झाक' आणि 'उघड' एवढीच दोन क्रियापदं वापरते. 'आकाश झाक, नवरा उघड.' नवी मुलगी पहिल्याच दिवशी करायला लागते.

मला तुमच्यापेक्षा वेगळ्या शब्दांनी छळलंय, ते म्हणजे 'संपृक्तता' (सॅच्युरेशन) आणि 'चैतन्य' (व्हायब्रन्स). आमच्या बाजूला हळदीचे फोटो कसे येतात ते तुम्हाला माहीत आहे. मांडव पिवळा, साड्या पिवळ्या, चेहरे पिवळे. एका मार्गदर्शिकेत लिहिलं होतं, रंग फिके वाटल्यास संपृक्तता वाढवा. वाढवली. सगळे रंग सारखेच वर गेले आणि वरमाईचा चेहरा नारिंगी झाला. व्हायब्रन्स आधी फिक्या रंगांना हात घालतं, जे आधीच गडद आहेत त्यांना फार ढकलत नाही, आणि कातडीच्या रंगाला जपतं. 'चैतन्य' या शब्दातून यातलं काय कळतं?

मी वहीत लिहून ठेवलंय: सॅच्युरेशन म्हणजे रंग चढवणे, व्हायब्रन्स म्हणजे रंग खुलवणे. आणि कॉन्ट्रास्ट म्हणजे उठाव. त्याला दुसरा शब्द शोधूच नका, 'फोटोला उठाव आला' हे गिऱ्हाईकसुद्धा म्हणतं.

वाईकर

मी छायाचित्रकार नाही. मुद्रितशोधन आणि भाषांतर करतो, त्यामुळे 'मुखवटा' लिहिणाऱ्याची बाजू थोडी मांडतो.

आमच्या गावात तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींच्या हाताखाली विश्वकोश उभा राहिला. पहिला खंड १९७६ चा. त्यातला एक अख्खा खंड नुसत्या परिभाषेचा आहे. त्या कामाची सावली माझ्या पिढीवर आहे, म्हणून घडवलेल्या शब्दांची मला चीड येत नाही. 'संपृक्त' चुकीचा नाही, ताई. शाळेत संपृक्त द्रावण शिकलो. पाण्यात साखर घालत गेलो की एक वेळ अशी येते की आणखी विरघळत नाही. रंगाचंही तसंच. करडेपणा निघून जात जात रंग निव्वळ उरतो, त्यापुढे जागा नाही. हे चित्र डोळ्यांपुढे आलं तर शब्द कामाचा आहे. पुस्तिकेनं शब्द दिला आणि चित्र दिलं नाही, ही तिची चूक. 'चैतन्य' मात्र मीही खोडला असता. तुमचं 'खुलवणे' शंभर टक्के बरोबर.

मुखवट्याचं झालं असं की भाषांतरकारानं कोश उघडला, 'मास्क'पुढचा पहिला शब्द उचलला आणि पुढे गेला. काम करून बघितलं नाही. कृती सांगणाऱ्या लेखनाचं भाषांतर कृती न करता होत नाही, या मताशी मी पक्का आहे. स्वयंपाकाचं पुस्तक भाषांतरित करणाऱ्यानं निदान एकदा तरी फोडणी घालावी.

माझी सूचना: आच्छादन. पुस्तकी वाटेल, पण आपल्या सांगली-सातारा दोन्ही जिल्ह्यांत हा शेतातला शब्द आहे. उसाचं पाचट न जाळता सरीत पसरतात, त्याला शेतकरी 'पाचटाचं आच्छादन' म्हणतात. ते झाकतं, जाड-पातळ करता येतं, हवं तिथे बाजूला सारता येतं, आणि खालची जमीन जशीच्या तशी राहते. मास्कचं वर्णन याहून वेगळं आहे का?

तासगावकर

वाईकर सर, शेवटचा मुद्दा सगळ्यात मोलाचा. खालचं जसंच्या तसं राहतं.

आमची द्राक्षाची बाग आहे, फोटोग्राफी जोडीला. एप्रिलला खरड छाटणी, ऑक्टोबरला फळछाटणी. कात्री लागली की काडी गेली, ती परत जोडता येत नाही. क्रॉप आणि इरेझर म्हणजे छाटणी. पण घडाला उन्हाचा चट्टा पडू नये म्हणून आम्ही पेपर लावतो. तो कधीही काढा, घड आत आहेच. मास्क म्हणजे तो पेपर. जुन्या मंडळींना मी आधी हा फरक सांगतो, कारण ते सवयीनं इरेझर घेतात आणि मूळ फोटो गमावून बसतात.

लालदिवा (सांगली)

सगळ्यांचे आभार. 'आच्छादन' मला पटला. लिहिताना आच्छादन, बोलताना मास्क, आणि करताना झाकणे-उघडणे. यात भांडण नाही.

पण याच पुस्तिकेतले आणखी दोन शब्द सांगतोच. 'जाळणे साधन वापरून कडा गडद करा.' बर्न टूल! ज्यानं डार्करूम पाहिली आहे त्याला बर्न म्हणजे काय ते सांगावं लागत नाही. कागदाच्या एका भागाला जास्त उजेड द्यायचा, बाकीच्यावर हाताची सावली धरायची. जास्त उजेड मिळाला की कागद काळवंडतो. डॉज म्हणजे उलट. तारेला पुठ्ठ्याची चकती लावून ती चेहऱ्यावर हलती ठेवायची, तेवढा भाग उजळ राहतो. फोटोशॉपमध्ये या दोन टूलांची चित्रं नीट बघा. एक काडीवरची चकती आहे आणि एक मुडपलेला हात. आम्ही उभं राहून जे करायचो, त्याचीच चित्रं काढून ठेवलीयत. मला ती दिसली त्या दिवशी खरंच गहिवरून आलं. मराठीत लिहायचं तर 'सावली धरणे' आणि 'उजेड पाजणे' लिहा, पण 'जाळणे' नको.

दुसरा 'अस्पष्ट मुखवटा', म्हणजे अनशार्प मास्क. वाचणारा समजणार की यानं फोटो अस्पष्ट होतो, आणि होतं नेमकं उलटं. मूळ पद्धत अशी: निगेटिव्हवरून एक फिकट, किंचित धूसर पॉझिटिव्ह बनवायची, ती निगेटिव्हला जोडून दोन्हीतून छापायचं. कडा उठून दिसतात. धूसर आहे तो मास्क, फोटो नव्हे. इथे शब्दाशब्दाला भाषांतर करून भागणारच नाही. 'कडा उठवणे' म्हणा आणि पुढे चला.

साताऱ्याचा कासवेडा

काका, मी वयानं लहान, फिल्म हातात धरलेली नाही. एक विचारू? आमच्याकडे आजोबा 'रोल धुवायला टाकलाय' म्हणायचे. आता लाइटरूम या फोटोच्या प्रोग्राममध्ये रॉ फाइल (कॅमेऱ्यानं टिपलेली कच्ची नोंद) जिथे तयार करतो त्या भागाचं नाव 'डेव्हलप' आहे. मग 'रॉ धुणे' म्हटलं तर चालेल का? पुस्तिकेत 'विकसित करणे' लिहिलंय. त्यावरून मला एमआयडीसी आठवते.

कासला सप्टेंबरात तेरड्याचा गुलाबी गालिचा असतो. कॅमेऱ्यातून तयार होऊन निघालेल्या जेपेग फाइलमध्ये तो सपाट गुलाबी होतो, पाकळ्या वेगळ्या दिसत नाहीत. जेपेगला एका रंगवाहिनीत २५६ च पायऱ्या, १४ बिटच्या रॉमध्ये १६,३८४. रॉ पुन्हा वेगळ्या तऱ्हेनं केली की पाकळ्या निघतात. तुमच्या काळात निगेटिव्ह एकदा धुतली की झालं. मी एकच फाइल दहादा धुऊ शकतो. म्हणून शब्द बरोबर बसतो का, याची शंका आहे.

लालदिवा (सांगली)

बाळा, चालेल काय, धावेल. आणि शंकाही योग्य आहे. निगेटिव्ह एकदाच धुतली जायची, पण तिच्यावरून प्रिंट आम्ही दहादा काढायचो आणि दर प्रिंट वेगळी यायची. तुझी रॉ म्हणजे धुतलेली निगेटिव्ह समज, आणि तू करतोस ती छपाई. तरी 'रॉ धुणे' बोलायला सोपं आहे. मी आजपासून म्हणणार.

कराडची फोटोवाली

'थर' कुणीच घेतला नाही म्हणून मी घेते. लेयरला थर म्हणू नये. थर म्हणजे पूर ओसरल्यावर घरात राहतो तो गाळाचा. जाड, खालचं काही न दाखवणारा, खरवडून काढावा लागणारा. लेयर म्हणजे पदर. चपातीला पदर सुटतात तसे, पातळ आणि एकेक उचलता येणारे. फोटोशॉपला लेयर १९९४ साली आले, तिसऱ्या आवृत्तीत. त्याआधी सगळं एकाच पातीवर चालायचं, एकदा केलं की बसलं.

वाईकर

ताई, पदर सुरेख आहे. मनात एकच किंतु येतो. मराठीत पदर आधीच पुष्कळ ओझी वाहतो: पदरी पडणं, पदर ढळणं, पदरचं घालणं. तांत्रिक लेखनात एवढा भरलेला शब्द घ्यावा का?

लालदिवा (सांगली)

सर, तुमच्या यादीतल्या शेवटच्या शब्दानं मला रात्री झोप लागली नाही.

पुरातल्या फोटोंवर काम करताना मला तीन तऱ्हा करता येतात. पहिली, त्याच फोटोतला शेजारचा चांगला तुकडा उचलून खराब जागी लावायचा. त्याला माझा शब्द 'ठिगळ'. दुसरी, हीलिंग ब्रश. तो आसपासचा पोत आणि उजेड जुळवून घेतो. त्याला 'भरून आणणे' म्हणेन, कारण जखम जशी भरून येते तशी जागा भरून येते. आणि २०२३ पासून तिसरी आली, जनरेटिव्ह फिल. तिथे फोटोत जे कधी नव्हतंच ते संगणक स्वतःच्या मनानं काढून देतो. याला 'निर्मितीक्षम भरण' लिहिलेलं वाचलं. आपल्याकडे याला नेमका शब्द शेकडो वर्षं आहे: पदरचं घालणे. गोष्ट सांगताना कुणी भर घातली की आपण म्हणतोच ना, हे तू पदरचं घातलंस.

आता माझ्यासमोर एक जोडफोटो आहे. नवरीचा डावा हात गाळानं पूर्ण खाल्लाय, मनगटापासून खाली काहीच शिल्लक नाही. शालूची किनार ठिगळानं झाली. तोंडावरचे डाग भरून आणले. हात मात्र कशानंच येत नव्हता, म्हणून तिसऱ्या तऱ्हेनं काढून पाहिला. सुबक आला, बांगड्यांसकट. पण बाईंच्या हातात त्या दिवशी किती बांगड्या होत्या, कुणाला ठाऊक?

बाईंच्या मुलीला दोन्ही प्रिंट दाखवल्या. तिला हात असलेली हवी. ती आईची आहे, निवड तिचीच. मी तो हात वेगळ्या पदरावर ठेवलाय, त्याला आच्छादन लावून, म्हणजे उद्या कुणी काढायचा म्हटला तर निघेल. आणि प्रिंटच्या मागे पेन्सिलीनं लिहिलंय: किनार ठिगळ, चेहरा भरून आणला, डावा हात पदरचा.