आय'ल फ्लाय अवे: लिलीची गोष्ट की वकीलसाहेबांची?

माळरान: परवा इथे कुणीतरी लिहिलं की 'आय'ल फ्लाय अवे' ही अमेरिकन टीव्ही मालिका म्हणजे गोऱ्या वकिलाच्या चांगुलपणाची आरती, काळी बाई फक्त त्याची पोरं सांभाळायला. दोन दिवस तेच डोक्यात आहे. अहो, मालिका बघितली तरी का? १९५० च्या दशकाचा शेवट, अमेरिकेच्या दक्षिणेतलं ब्रायलंड नावाचं काल्पनिक गाव, सरकारी वकील बेडफर्ड, बायको मनोरुग्णालयात, घरात तीन पोरं आणि कामाला लिली हार्पर. दिवसभर ती त्या घरात मोजूनमापून बोलते, कारण एक शब्द जास्त गेला की नोकरी गेली. आणि आपल्या घरी आली की वही काढून सगळं लिहिते. गोष्ट आपण तिच्या वहीतून ऐकतो, वकिलाच्या तोंडून नाही. हे दिसत नसेल तर काय बोलायचं!

शुभा_अटलांटा: ते मीच लिहिलं होतं आणि मागे घेणार नाही. ३८ च्या ३८ भाग बघितलेत. वही तिची, पण घर कुणाचं? ती 'मिस्टर बेडफर्ड' म्हणते, तो नुसतं 'लिली'. मी राहते त्या अटलांटात डोरोथी बोल्डन नावाच्या, स्वतः घरकाम करणाऱ्या बाईने १९६८ मध्ये घरकामगारांची संघटना काढली, सभासद व्हायचं तर आधी मतदार यादीत नाव घाला ही अट. माँटगोमेरीच्या बस बहिष्कारात, म्हणजे बसमधल्या वंशभेदाविरुद्धच्या आंदोलनात, जॉर्जिया गिलमोर या स्वयंपाकिणीने कोर्टात साक्ष दिली, नोकरी गेली. तरी ती आणि तिच्या मैत्रिणी जेवण, केक विकून आंदोलनाला पैसे देत राहिल्या. पैसे कुठून आले विचारलं तर 'कुठूनच नाही', गटाचं नावच क्लब फ्रॉम नोव्हेअर. अशा बायका खरोखर होऊन गेल्या असताना मी त्या वकिलाची घालमेल का बघत बसू?

बापू७१: वकिलाचं राहू द्या, आपल्यापैकी किती जणांच्या घरी कामवाल्या मावशींचा कप वेगळा आहे ते सांगा. माझी आई सोलापुरात चार घरची धुणीभांडी करायची. एका घरी तिचा कान तुटलेला कप मोरीच्या खिडकीत पालथा असायचा. चहा प्यायचा, स्वतःच विसळायचा, परत तिथेच पालथा. मी सात वर्षांचा, तहान लागली म्हणून ओट्यावरचा पेला उचलला तर आईनेच हातावर फटका मारला. मालकीणबाई एक अक्षर बोलल्या नाहीत.

तेजस्विनी_क: वाईट वाटलं वाचून, पण विषय अमेरिकेतल्या वंशभेदाचा आहे, प्रत्येक धागा आपल्या जातीपातीवर आणायलाच हवा का? आमच्याकडेही कप वेगळा आहे, स्वच्छतेसाठी. त्यात भेदभाव शोधू नका.

बापू७१: स्वच्छतेसाठी?? जिने घासलेल्या ताटात तुम्ही जेवता तिचा कप अस्वच्छ?

तेजस्विनी_क: आवाज चढवायचं कारण नाही. तुम्ही माझ्या घरी आला नाहीत, आमच्या मावशी १४ वर्षं टिकल्यात त्या उगाच नाही.

शुभा_अटलांटा: लिलीसारख्या बायकाही वर्षानुवर्षं टिकायच्या, दुसरीकडे जाणार कुठे? अमेरिकेत १९३८ च्या किमान वेतन कायद्यात घरकामवाल्या बायका नव्हत्या, १९७४ पर्यंत. महाराष्ट्रात घरेलू कामगार मंडळाचा कायदा २००८ चा. टिकण्याचं कौतुक सांगू नका.

तेजस्विनी_क: बरं. कपाचं पटलं, उद्या काढून टाकते. पण दुसऱ्याला गुन्हेगार ठरवून बोलायची ही पद्धत मला अजिबात पटलेली नाही.

माळरान: बापू, तुमची आई गप्प राहिली आणि फटका तुम्हाला बसला, लिलीचं गप्प राहणं तेच आहे हो! मालिका एनबीसी वाहिनीने बंद केली, तेव्हा १९९३ मध्ये पीबीएस या सार्वजनिक वाहिनीने शेवटचा भाग वेगळा काढला. त्यात म्हातारी लिली नातवाला जुनं सगळं सांगते. शुभाताई, तिथे तरी गोष्ट तिचीच आहे ना?

शुभा_अटलांटा: त्या भागापुरतं मान्य. लिलीचं काम करणाऱ्या रेजिना टेलरला गोल्डन ग्लोब पारितोषिक मिळालं तेही योग्यच. बाकी माझं मत तेच.

बापू७१: माळरान, आईचा विषय काढलात म्हणून सांगतो. तिला सहीसुद्धा येत नव्हती, अंगठा लावायची. लिलीची ती वही दिसली की मला बरं वाटतं का राग येतो हे अजून कळलेलं नाही. ती नातवाला सांगते तो भाग कुठे बघायला मिळेल?